डब्यातली युद्धकाळातली नाणी विकण्याआधी

नागपुरात जुन्या घरातलं कपाट रिकामं झालं की जुन्या चिल्लरीचा एखादा डबा निघतोच. त्यात भोकाचा पैसा असतो, पिवळा चौकोनी अर्धा आणा असतो, आणि सहाव्या जॉर्जचे काळवंडलेले रुपयेही असतात. मग दोनांपैकी एक गोष्ट होते. मोबाईलवर 'जुन्या नाण्याचे लाखो मिळवा' पाहून घरचे हवेत जातात, नाहीतर डबा उचलून थेट इतवारीच्या सराफ्यात मोडीला टाकतात. दोन्हीत नुकसान आहे. नाण्याचं वय त्याची किंमत ठरवत नाही. ती ठरते धातू, टाकसाळीची खूण, कड आणि झीज या चार गोष्टींवर, आणि त्या घरच्या टेबलावर एका दुपारी तपासता येतात. इथे फक्त १९३९ ते १९४५ या महायुद्धाच्या वर्षांतल्या नाण्यांचा विचार केला आहे.

पहिली अट अशी की काहीही घासायचं नाही, धुवायचं नाही. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, सगळं दूर ठेवा. तांब्याचं नाणं चिंचेने लखलखतं खरं, पण त्या आंबटपणाने वरचा थर खाल्लेला असतो. संग्राहकाला तो गुलाबीसर नागडा रंग हातभर अंतरावरूनही कळतो. इतक्या वर्षांचा तपकिरी थर परत आणता येत नाही, आणि घासलेलं नाणं कितीही दुर्मीळ असलं तरी भाव पाडूनच विकलं जातं.

काय सामान लागतं

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा ज्वेलरी काटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक चांगला लोहचुंबक, प्लास्टिकचा व्हर्नियर (रुंदी-जाडी मोजायचं साधन), नायलॉनचा बारीक दोरा आणि पाण्याची हलकी प्लास्टिकची वाटी. लोखंडी व्हर्नियर नको, त्याच्या जबड्याने नाण्याच्या कडेवर खूण पडते. काट्यावर वजन करताना पंखा आणि कूलर बंद ठेवा. कूलरच्या झोतात शेवटचा आकडा नाचत राहतो आणि मग सगळंच माप संशयास्पद होतं. नाणं नेहमी कडेने धरायचं. बोटाचा घाम महिन्याभराने ठसा होऊन उमटतो.

आधी ढीग करा

डबा जाड पांढऱ्या कपड्यावर ओता आणि आधी चुंबक फिरवा. युद्धकाळातली भारतीय नाणी, म्हणजे चांदीची, काशाची किंवा पिवळी निकेल-पितळी, चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटणारा रुपया १९४७ चा वाघाच्या चित्राचा निकेलचा निघेल. चिकटणारी अधेली (आठ आणे) किंवा पावली (चार आणे) १९४६-४७ ची असेल, तीही निकेलचीच. ही नाणी युद्धानंतरची. चांदी संपली म्हणून निकेल आलं. त्यांचा ढीग वेगळा.

१९४२ ते १९४५ ची पिवळी नाणी सोन्यासारखी दिसतात म्हणून कोणी जपून ठेवलेली असतात. त्यात चौकोनी अर्धा आणा, कंगोरे असलेला आणा आणि गोल कोपऱ्यांची चौकोनी चवली (दोन आणे) येते. त्यात तांबं, जस्त आणि किंचित निकेल आहे. सोनं नाही. आधी आणा आणि चवली पांढऱ्या तांबे-निकेलमध्ये पडत होती. युद्धात निकेल लष्कराला लागलं आणि टाकसाळीने पितळ धरलं. युद्ध संपल्यावर १९४६ पासून पुन्हा पांढरी झाली. वापरलेल्या पिवळ्या नाण्यांना भाव किरकोळच येतो.

या ढिगात हनुमान किंवा राम दरबार असलेलं, १८१८ साल टाकलेलं 'एक आणा' हमखास सापडेल. कंपनी सरकारने असं नाणं कधी पाडलंच नाही. ते देवघरात ठेवा, विकायला नेऊ नका.

भोकाचा पैसा

१९४२ पर्यंत पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं नाणं काशाचं होतं, सुमारे २५.४ मिमी रुंद आणि ४.८६ ग्रॅम वजनाचं. तांब्याची ओढ लागली आणि १९४३ पासून २१.३ मिमीचा, दोन ग्रॅमच्या आसपासचा, मधोमध भोक असलेला पैसा आला. राजाचा मुखवटा गेला. भोकाच्या जागी तो बसणार कसा? एका बाजूला मुकुट, देशाचं नाव आणि साल, दुसऱ्या बाजूला भोकाभोवती पानांची वेल. १९४७ पर्यंत तो पडत राहिला.

हा पैसा मुंबई, कलकत्ता आणि लाहोर इथे पडला. शिवाय दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या टाकसाळीनेही तो पाडून पाठवला. सालाच्या आसपास भिंगाने पाहा. इंग्रजी एल असेल तर लाहोर, ठिपका किंवा छोटा चौकट-आकार असेल तर बहुधा मुंबई, काहीच नसेल तर बहुधा कलकत्ता. मुकुटाचेही दोन प्रकार आहेत, गोलसर आणि चपटा. एकाच सालाचे दोन मुकुट सापडले तर वेगळ्या पाकिटात ठेवा, संग्राहक दोन्ही मागतात.

'लाहोरचं म्हणजे दुर्मीळ' हा गैरसमज फार पसरलेला आहे. टाकसाळ पाकिस्तानात गेली म्हणून नाणं दुर्मीळ होत नाही, तिथून भरपूर माल बाहेर पडलेला आहे. वापरलेला भोकाचा पैसा, कुठल्याही टाकसाळीचा असो, साधारण दहा-वीस ते पन्नास रुपयांच्या घरात फिरतो. त्याहून जास्त हवं तर तो कोरा पाहिजे. मुकुटावरचा क्रॉस तुटक नसावा, पानांच्या शिरा स्पष्ट हव्या आणि मूळची तांबूस झळाळी थोडी तरी शिल्लक हवी.

इथे भोक नीट तपासा. बरेच पैसे करगोट्यात ओवले गेले, बरेच वॉशर म्हणून नटाखाली गेले. दोऱ्याने भोकाची एक कड झिजून अंडाकृती होते. नटाखाली दाबल्याने पानांवर गोल वळ उठतात. वरवर ठसा छान दिसला तरी असं नाणं वापरलेल्याच्याही खालच्या दरात जातं. उलट टाकसाळीतच भोक मधून सरकलं असेल किंवा पडायचंच राहून गेलं असेल तर ती चूक संग्राहक चढ्या भावाने घेतात. म्हणूनच खोट्या चुकाही बाजारात आहेत. भरून बुजवलेल्या भोकाची गोल रेघ भिंगाखाली दिसते. सरकलेलं भोक खरं असेल तर त्याची कडही बाकीच्या पृष्ठभागाइतकीच जुन्या रंगाची असते. ताज्या ड्रिलची कड चमकते.

चांदी: इथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात

व्हिक्टोरियापासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टंच (टक्के शुद्ध) चांदीचा. म्हणजे एका रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. युद्धात लोकांनी चांदीचे रुपये दाबून ठेवायला सुरुवात केली तशी सरकारने १९४० मध्ये मिश्रण बदललं: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन तेच ठेवलं. त्यामुळे युद्धकाळातल्या रुपयात शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम, अधेलीत २.९१ आणि पावलीत १.४६ ग्रॅम.

हातात दोन्ही रुपये सारखेच लागतात, आणि सराफ्यात गडबड तिथेच होते. डब्यात दहा रुपये पाचव्या जॉर्जचे आणि दहा सहाव्याचे असतील, आणि सगळे एकत्र काट्यावर टाकून 'अर्ध्या चांदीचे आहेत' असा भाव लागला, तर पहिल्या दहांवर जवळपास निम्मी रक्कम हातची गेली. म्हणून घरीच वेगळे करा. दाढी आणि मुकुट असलेला पाचवा जॉर्ज, दाढी असलेला बोडक्या डोक्याचा सातवा एडवर्ड आणि व्हिक्टोरिया राणी, हे सगळे जुन्या चांदीचे. गुळगुळीत गालाचा, मुकुट घातलेला सहावा जॉर्ज असेल तर साल आणि कड पाहा.

कड म्हणजे नाण्याची जाडी. जुन्या रुपयाच्या कडेवर सरळ उभ्या रेघा असतात. १९४० पासूनच्या अर्ध्या चांदीच्या रुपयाच्या कडेवर त्या रेघांच्या मधोमध खोलगट पट्टा फिरवलेला आहे. नकली नाणी पाडणाऱ्यांना ती कड जमू नये म्हणून तो घातला. हा पट्टा आंधळ्यालाही नखाने लागतो. आडव्या उजेडात दोन रुपये शेजारी धरून एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

अधेली-पावलीत सालावर विसंबू नका. बदल १९४० मध्ये एकदम झाला नाही, टप्प्याटप्प्याने झाला: आधी पावली, मग अधेली, शेवटी रुपया. १९४० साल असलेली छोटी नाणी म्हणून पाण्याच्या मापाने तपासा.

ते माप असं. वाटीत पाणी घेऊन काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. नाण्याला नायलॉनच्या दोऱ्याचा फास लावा आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल असं हातानेच लोंबतं धरा. तळाला किंवा वाटीच्या भिंतीला लागता कामा नये. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घन सेंटिमीटर नाण्याचं आकारमान. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागा.

पूर्ण वजनाचा रुपया असेल तर जुन्या चांदीचा आकडा १.१३ च्या आसपास येतो, घनता साधारण १०.३. अर्ध्या चांदीचा १.२२ च्या आसपास, घनता साधारण ९.५. आकडा १.३ कडे गेला तर ते तांबे-निकेलचं किंवा तशाच हलक्या धातूचं नकली असण्याची शक्यता आहे. आकडा नेहमी जास्तच येत असेल तर नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे तपासा. पाण्यात द्रव साबणाचा एकच थेंब टाकला की ते सुटतात. तळाला टेकलं तर आकडा एकदम कितीतरी वाढेल. तो धरू नका. पावली एकेकटी मोजली तर फरक ०.०२ ग्रॅमचाच पडतो, स्वस्त काट्याला तो झेपत नाही. शंका असलेल्या चार पावल्या एकत्र बांधून मोजल्या की फरक वाचता येतो. मात्र त्या चारही एकाच सालाच्या असू द्या, नाहीतर सरासरी फसवते. माप झाल्यावर नाणं मऊ सुती कापडावर टिपून घ्या, पुसू नका.

युद्धकाळातला झिजलेला रुपया कधी पिवळट, कधी तांबूस दिसतो. ४० टक्के तांबं असल्यावर ते होणारच. त्यावरून तो खोटा ठरत नाही.

टाकसाळीची खूण आणि १९३९ चा रुपया

रुपयाच्या मागच्या बाजूला खाली कमळाचं फूल आहे. तिथे ठिपका म्हणजे मुंबई, एल म्हणजे लाहोर. लाहोरचे रुपये १९४४ आणि १९४५ चे मिळतात. लाहोरच्या अधेल्या आणि पावल्या १९४३ पासून सुरू होतात.

सहाव्या जॉर्जच्या रुपयांत १९३९ हे साल फार मोलाचं. जुन्या चांदीचा तो शेवटचा रुपया, आणि उरलेले नग फार थोडे. त्यामुळे बनावटीचा बाजार याच सालाभोवती आहे. डब्यात १९३९ दिसला तर आनंदाआधी कड पाहा. मधला खोलगट पट्टा असेल तर दुसऱ्या सालाचा आकडा बदललेला आहे, विषय संपला. पट्टा नसेल तर भिंगाने ९ तपासा. १९३८ च्या ८ वरून ९ कोरलेला असेल तर आकड्याभोवतीचा सपाट भाग खरवडलेला दिसतो आणि ९ ची शेपटी त्याच सालातल्या आधीच्या ९ शी जुळत नाही. त्याच सालाच्या अधेलीवरचा १९३९ शेजारी धरून पाहिलात तर फरक समजायला मदत होते. पाण्याचं माप १.१३ ला आलंच पाहिजे. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आणि कडेवर जोडाची पुसट रेघ राहते. इतकं सगळं पार झालं तरच ते नाणं श्रेणी ठरवणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या ठिकाणी पाठवण्याचा खर्च करा. पाच-पन्नासच्या नाण्यांसाठी तो खर्च उलटतो.

परदेशी पेनी निघाली तर

नागपुरातल्या डब्यात ऑस्ट्रेलियाची कांगारूची पेनी क्वचित निघते. ३०.८ मिमीची, ९.४५ ग्रॅमची. साल १९४२ किंवा १९४३ असेल तर राजाच्या मुखवट्याखाली छोटा इंग्रजी आय आहे का पाहा. असेल तर ती ऑस्ट्रेलियासाठी मुंबईच्या टाकसाळीत पडलेली आहे. भारतीय संग्राहकाला ती नेहमीच्या पेनीपेक्षा जास्त भावते.

ब्रिटनची मोठी पेनी मात्र १९४१, १९४२ आणि १९४३ या सालांची नाही. तशी दिसली तर आकडा बदललेला आहे.

अमेरिकेचा १९४३ चा सेंट जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचा, २.७ ग्रॅमचा, तो चुंबकाला चिकटतो आणि तो साधाच आहे. त्याच सालाचा तांबूस सेंट मिळाला म्हणून कोणी धावत आला तर आधी चुंबक लावा. चिकटला तर पोलादावर तांब्याचा मुलामा दिला आहे. चिकटला नाही आणि वजन ३.१ ग्रॅमच्या आसपास भरलं तर ३ पाहा. १९४८ चा अर्धा ८ खरवडून ३ बनवायची जुनी खोड आहे. खऱ्या १९४३ च्या ३ ची शेपटी लांब, खाली उतरलेली असते.

झीज कशी वाचायची

टेबललॅम्प बाजूने, तिरपा लावा. नाणं हळूहळू फिरवा. कोऱ्या नाण्यावर उजेडाची एक पट्टी चक्रासारखी फिरते. पॉलिश केलेल्यावर सगळीकडे सारखी चमक येते, पट्टी फिरत नाही. मग उंच जागा पाहा: रुपयावर राजाची भुवई, कानावरचे केस आणि मुकुटाचे मणी, मागे फुलांच्या पाकळ्या. झीज इथे आधी लागते. पाकळ्यांची विभागणी गेली असेल तर नाणं साधं वापरलेलं समजा आणि चांदीच्या हिशेबाने पुढे जा. भुवई शाबूत असेल तर मोडीत घालू नका.

ठेवायचं कसं

आपल्या हवेत हा भाग हलक्यात घेण्यासारखा नाही. मेमध्ये पारा ४५ ला जातो, पण आत कूलर चालू असतो आणि अख्खी खोली ओली असते. मग लगेच पावसाळा. कूलर ज्या खोलीत चालतो तिथे नाणी नकोत. पहिला हल्ला तांब्यावर आणि अर्ध्या चांदीवर होतो. हिरवट भुकटी सुटायला लागली तर ती क्षाराची लागण आहे आणि ती पसरते, म्हणून ते नाणं लगेच वेगळं करा. हिरवा रंग चिकट, तेलकट वाटला तर तो बहुधा मऊ पीव्हीसी पाकिटाचा प्रताप. रस्त्यावर मिळणारे वास मारणारे मऊ अल्बम टाळा, मायलार किंवा पीईटीची पाकिटं वापरा. रबर बँडमधल्या गंधकाने चांदीवर काळी रेघ कायमची राहते. डांबर गोळ्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं, म्हणून त्याही नकोत.

न धुण्याच्या अटीला अपवाद दोनच. पीव्हीसीचा चिकटा काढण्यापुरतं शुद्ध ॲसिटोन चालतं. नेलपॉलिश काढायचं चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. काचेच्या भांड्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा, घासू नका, गॅसपासून लांब राहा, खिडकी उघडी ठेवा. नंतर हवेत वाळू द्या. नुसती माती असेल तर डिस्टिल्ड वॉटर पुरतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते घेताना बाटलीवर ॲसिड लिहिलेलं नाही ना, एवढं पाहून घ्या. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि तिचा रंग बदलला की बदला.

विकताना

सराफ्यात जाण्याआधी घरीच हिशेब कागदावर मांडा. युद्धकाळातले २० रुपये गुणिले ५.८३ म्हणजे ११६.६ ग्रॅम शुद्ध चांदी, त्याला त्या दिवसाचा दर लावा. दुकानदार घट आणि गाळणी वजा करणार, ते रास्त आहे. पण किती वजा केली ते विचारा आणि दोन-तीन दुकानांत विचारा. कसोटीच्या दगडावर नाणं घासू देऊ नका, ओरखडा राहतो. मशीनवर टंच काढायला सांगा, पण मशीन फक्त पृष्ठभाग वाचतं हे लक्षात ठेवा. मुलामा असेल तर आकडा भलताच येतो. म्हणून तुमचं पाण्याचं माप जवळ असू द्या. चांगल्या अवस्थेतली नाणी आणि वेगळ्या खुणांची नाणी या ढिगात टाकूच नका, ती नाण्यांच्या व्यापाऱ्याला किंवा लिलावाला द्या. लिलावात कमिशन किती, फोटोचा खर्च कोणाचा, विकलं नाही तर परत पाठवायचा खर्च कोणाचा, हे आधी लिहून घ्या. फोटो दोन्ही बाजूंचा आणि कडेचा, तिन्ही द्या.

संविधान चौकाजवळच्या रिझर्व्ह बँकेत जुनी नाणी घेऊन जाण्यात अर्थ नाही. बँक संग्राहकांचा भाव देत नाही आणि जुन्या नाण्यांच्या व्यवहारात पडत नाही. तिच्या नावाने शुल्क, कर किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं तिने २०२१ मध्ये जाहीरच सांगितलं आहे. ऑनलाइन ग्राहकाने 'नाणं लाखाला घेतो, आधी नोंदणीचे दोन हजार पाठवा' म्हटलं की फोन ठेवा. खरा घेणारा आधी नाणं मागतो आणि मग पैसे देतो. तो तुमच्याकडून पैसे मागत नाही.